पैसे भरायची खिडकी कुठे आहे?

प्रति,
माननीय केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : लहान इंटरनेट रेडिओंसाठी गाण्यांच्या रॉयल्टीचा वैधानिक दर ठरवून मिळण्याबाबत

महोदय,

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातून हे पत्र लिहीत आहे. आमच्या घराच्या माडीवर पूर्वी ज्या खोलीत कापूस भरून ठेवत असू, त्या खोलीतून मी आणि माझा चुलतभाऊ एक इंटरनेट रेडिओ चालवतो. एक जुना लॅपटॉप, दोन माइक, छोटा मिक्सर, वीज गेली तर दोन तास तग धरणारी बॅटरी आणि आवाज घुमू नये म्हणून भिंतींना ठोकलेल्या आईच्या गोधड्या, एवढाच आमचा पसारा आहे. 2016 पासून कॉपीराइटचा विषय आपल्या मंत्रालयाकडे आहे, म्हणून माहिती व प्रसारण खात्याऐवजी आपल्याला लिहीत आहे.

आमचे श्रोते कोण, हे आधी सांगतो, कारण दराचा प्रश्न शेवटी त्यांच्याच संख्येशी येऊन भिडतो. आमच्याकडे हरभऱ्याला पाणी कधी द्यायचे हे विजेच्या वेळापत्रकावर ठरते आणि आठवड्यातले काही दिवस पंपाला वीज मिळते ती रात्रीच. मागच्या हिवाळ्यात मी स्वतः ओलिताला गेलो होतो, तेव्हा शेजारच्या धुऱ्यावरून आमच्याच रेडिओचा आवाज आला. जाऊन पाहिले, तर शेजाऱ्याने मोबाइल रिकाम्या गंजात, म्हणजे पातेल्यात, उभा करून ठेवला होता, म्हणजे आवाज मोठा होतो आणि दांड फोडायला दोन्ही हात मोकळे राहतात. उरलेले बरेच श्रोते गावाबाहेर गेलेली आमचीच माणसे आहेत : चाकणच्या कारखान्यात रात्रपाळीला असलेली मुले, सुरतला गेलेली कुटुंबे. एफएमचा मनोरा त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. सामुदायिक रेडिओचा पर्याय आम्ही पाहिला, पण त्यासाठी किमान तीन वर्षे जुनी नोंदणीकृत संस्था हवी, वर मनोरा आणि प्रक्षेपक आला, आणि एवढे करून 100 वॅटचा आवाज फार तर दहा-पंधरा किलोमीटर जाणार. इंटरनेटवर 32 केबीपीएसने ऐकले तर तासाला सुमारे 15 एमबी लागतात, एवढा डेटा आज मजुराच्या मोबाइलमध्येही शिल्लक असतो.

आता आमच्या चुकीबद्दल. सुरुवातीचे सात महिने आम्ही चित्रपटगीते आणि भावगीते बिनधास्त वाजवली. परवाना लागतो हेच ठाऊक नव्हते. एका वकील स्नेह्याने सांगितले त्या दिवशी गाणी बंद केली आणि एका संगीत कंपनीला रीतसर पत्र लिहून परवान्याचा दर विचारला. तिचे नाव येथे घेत नाही. चार महिन्यांनी उत्तर आले. त्यात जी किमान वार्षिक रक्कम मागितली होती ती आमच्या वर्षाच्या जाहिरात उत्पन्नाच्या तिपटीहून अधिक होती, आणि ती फक्त त्या एका कंपनीच्या गाण्यांसाठी. कृषी सेवा केंद्र, मंगल कार्यालय आणि बोअरवेलची गाडी यांच्या जाहिरातींतून आम्हाला महिन्याला सरासरी 5,900 रुपये मिळत. घासाघीस करायला आमच्याकडे काहीच नव्हते. कंपनीला दोष देत नाही. आपल्या मालाला काय भाव लावायचा ते तिने ठरवले, आणि कायदा तिला आज तेवढी मोकळीक देतो. माझे म्हणणे त्या मोकळिकीविषयी आहे.

एफएम रेडिओला ही अडचण येऊन गेली आहे आणि त्यावर उपायही निघाला आहे. कॉपीराइट मंडळाने 25 ऑगस्ट 2010 च्या आदेशाने खासगी एफएम केंद्रांना निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या 2 टक्के रॉयल्टी ठरवून दिली. सप्टेंबर 2020 पर्यंत तो दर चालला आणि लहान शहरांतली केंद्रे त्यावर तगली. उत्पन्न कमी तर रॉयल्टी कमी, वाढले तर जास्त, हे त्यातले साधे शहाणपण होते. 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम 31डी आले. प्रक्षेपकाने आगाऊ सूचना द्यावी, ठरलेला दर भरावा, हिशेब ठेवावा आणि गाणे लावावे, कंपनीच्या होकारासाठी थांबू नये, अशी ती तरतूद आहे. गीतकार, संगीतकार आणि मुख्य कलाकार यांची नावे प्रक्षेपणात सांगितली पाहिजेत, अशी अटही त्याच कलमात आहे. (आज किती केंद्रे ती पाळतात, हे कोणीही संध्याकाळी रेडिओ लावून तपासावे.) पुढे 31 डिसेंबर 2020 च्या आदेशाने बौद्धिक संपदा अपील मंडळाने टक्केवारी काढून टाकली आणि गाणे प्रत्यक्ष वाजल्याच्या तासांवर, शहराच्या वर्गाप्रमाणे आणि वेळेप्रमाणे दर लावले. काही महिन्यांतच, एप्रिल 2021 मध्ये, ते मंडळच बरखास्त झाले आणि त्याचे काम न्यायालयांकडे गेले. रेडिओच्या दरावर दाद मागण्यासाठी आमच्यासारख्याने व्यापारी दावा लढवावा, ही अपेक्षा वाचायलासुद्धा अवघड वाटते.

इंटरनेट रेडिओला यातले काहीच लागू नाही. आपल्याच विभागाने 5 सप्टेंबर 2016 च्या ज्ञापनात इंटरनेटवरील प्रक्षेपणही कलम 31डी मध्ये येते असे म्हटले होते. परंतु टिप्स ही संगीत कंपनी विरुद्ध विंक ही मोबाइलवर गाणी ऐकवणारी सेवा या दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल 2019 मध्ये हे ज्ञापन बंधनकारक नसल्याचे सांगितले, आणि हे कलम रेडिओ व दूरचित्रवाणीपुरतेच आहे असा निकाल दिला. ऑक्टोबर 2022 मध्ये खंडपीठाने तोच निकाल कायम केला. कायद्याची अक्षरे पाहता न्यायालयाने चुकीचे वाचले असे मला म्हणता येत नाही. मात्र तो वाद ज्या सेवेचा होता तिच्यात ग्राहक हवे ते गाणे हवे तेव्हा निवडू शकत होता आणि उतरवूनही घेऊ शकत होता. आमच्या श्रोत्याला गाणे निवडता येत नाही, थांबवता येत नाही, साठवता येत नाही. आम्ही जे लावू ते तो ऐकतो, नाहीतर बंद करतो. गंजातला मोबाइल आणि ओसरीवरचा ट्रान्झिस्टर यांत ऐकणाऱ्याच्या लेखी फरक नाही, तो फरक फक्त कायद्याला दिसतो. मोठ्यांच्या भांडणात झालेल्या निकालाने आमचीही वाट बंद झाली, आणि त्या वेळी आमच्या बाजूने बोलणारे तिथे कोणी नव्हते.

अमेरिकेने हा फरक कायद्यातच केला आहे. तिथे श्रोत्याला निवड न देणाऱ्या इंटरनेट रेडिओला वैधानिक परवाना, म्हणजे कंपनीच्या होकाराशिवाय ठरलेल्या दराने गाणी लावायची मुभा, मिळतो आणि त्याबदल्यात त्याने काही बंधने पाळायची असतात, उदाहरणार्थ तीन तासांत एकाच अल्बममधली तीनपेक्षा अधिक गाणी लावायची नाहीत. जमलेल्या रकमेतले 50 टक्के ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, 45 टक्के मुख्य कलाकारांना आणि 5 टक्के साथीदारांना जातात. ही विभागणी मला फार आवडते. दर मात्र त्यांनी माणशी लावला : एक गाणे एका श्रोत्याने ऐकले की ठरलेली रक्कम. 2021 साठी जाहिरातींवर चालणाऱ्या रेडिओला तो 0.21 सेंट ठरला. वाचताना ही रक्कम क्षुल्लक वाटते, म्हणून आमच्या आकड्यांवर लावून पाहिली. संध्याकाळचे चार तास, तासाला 12 गाणी, सरासरी 60 श्रोते, म्हणजे दिवसाला 2,880 आणि वर्षाला 10,51,200 वेळा ऐकणे. त्याचे सुमारे 2,200 डॉलर होतात, म्हणजे पावणेदोन लाख रुपयांच्या वर, आणि आमचे वर्षाचे उत्पन्न 70,800 रुपये. मनोऱ्यावरून बोलणाऱ्याला दहा हजारावा श्रोता फुकट पडतो, आम्हाला मात्र एकसष्टावा श्रोता आला की धडकी भरावी, असा हा हिशेब आहे. वाढीव दरांच्या निषेधार्थ 26 जून 2007 रोजी तिथल्या असंख्य इंटरनेट रेडिओंनी दिवसभर मौन पाळले होते. लहान केंद्रांना मिळालेली उत्पन्नाच्या टक्केवारीची सवलत 2015 च्या अखेरीस संपली, आणि शेकडो हौशी केंद्रांना आसरा देणारे लाइव्ह365 पुढच्याच महिन्यात बंद पडले. पुढे ते नव्या मालकाकडे पुन्हा सुरू झाले, पण मधल्या काळात विखुरलेली सगळीच केंद्रे परत आली नसणार. आपल्याकडे दर ठरवाल तेव्हा त्यांची विभागणी घ्यावी आणि माणशी दर टाळावा, एवढीच विनंती आहे.

मग तुम्ही सध्या लावता काय, असे आपण विचाराल. गावोगावच्या मंडळांची खंजिरी भजने त्यांच्या लेखी संमतीने मुद्रित करतो, पोळ्याच्या झडत्या, भुलाबाईची गाणी, बाजारभाव आणि गप्पा. त्यातही पाय जपूनच टाकावा लागतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे निर्वाण 1968 मध्ये झाले आणि लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क राहतो, त्यामुळे जी भजने आमच्याकडे प्रत्येक सप्ताहात गायली जातात त्यांच्या शब्दांवरचा हक्क 2028 च्या अखेरपर्यंत आहे. जुन्या तबकड्यांचेही तसेच. ध्वनिमुद्रण प्रसिद्ध होऊन 60 वर्षे झाली की त्याचा हक्क संपतो, पण त्यातल्या गीताचा आणि चालीचा संपलेला असेलच असे नाही. हा खल आम्ही दोघे कापसाच्या खोलीत बसून करतो आणि शंका राहिली की गाणे बाजूला ठेवतो. गाणी बंद केल्यापासून संध्याकाळचे साठ-सत्तर श्रोते वीसवर आले आहेत. त्यांच्यामागे जाहिरातीही जात आहेत.

आपल्याकडे मागणे असे की कलम 31डी मध्ये इंटरनेटवरील, श्रोत्याला निवड न देणाऱ्या रेडिओचा स्पष्ट उल्लेख करावा. ही कल्पना माझी नाही. वाणिज्यविषयक संसदीय स्थायी समितीने जुलै 2021 मधील 161 व्या अहवालात इंटरनेट प्रक्षेपणाला या कलमात आणण्याची शिफारस केलीच आहे. रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांचे दर वेगळे असावेत हे ते कलम आजही सांगते, तेव्हा तिसरा दर बसवायला त्यात जागा आहे. ठराविक उत्पन्नाच्या खालच्या केंद्रांना तो उत्पन्नाच्या टक्केवारीत असावा. दोनच टक्के असावा असा आमचा हट्ट नाही, पाच म्हटलेत तरी भरू. किमान रक्कम लावायची असेल तर ती कृषी सेवा केंद्राच्या एका महिन्याच्या जाहिरातीतून निघेल इतकी असावी, आणि कंपनी, गीतकार, संगीतकार व गायक यांचे वेगवेगळे दरवाजे ठोठावायला न लावता ती एकाच ठिकाणी ऑनलाइन भरता यावी. हिशेबाची काळजी नको. कोण किती वाजता जोडला गेला आणि किती वेळ ऐकत होता, याची नोंद आमचा सर्व्हर आपोआप ठेवतो, आणि कोणते गाणे केव्हा लागले हे चुलतभाऊ दोनशे पानी वहीत तारीखवार लिहितो. एफएम केंद्राला आपले श्रोते अंदाजाने सांगावे लागतात, आम्हाला ते मोजून सांगता येतात.

त्या पहिल्या सात महिन्यांत आमचे जाहिरात उत्पन्न 41,300 रुपये झाले. एफएमचा जुना 2 टक्क्यांचा दर धरून त्याचे 826 रुपये आम्ही एका पाकिटात घालून वहीत ठेवले आहेत. ही रक्कम कोणाच्या नावे आणि कोठे भरायची, हे आपल्या कार्यालयाने कळवावे.

आपला नम्र,
एक इंटरनेट रेडिओचालक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ