या रविवारचे गुण विचारत नाही

मखमलाबाद, नाशिक

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन मधेच ठेवलास. हॉस्टेलवर तो पुन्हा आठवड्यानेच हातात मिळणार, म्हणून हे पत्र. मामा लातूरला येतोय, त्याच्याकडे देतो. चकल्या आक्काच्या हातच्या आहेत.

गुणांचं काढणार नाही असं तुझ्या आईला कबूल केलंय. पण ‘नीटच्या सराव परीक्षेत ४१२च पडले, मला काही येतच नाही,’ हे तुझं वाक्य डोक्यातून जात नाही. १८० मिनिटांत १८० प्रश्न, चुकला की एक गुण वजा. त्यात तुझा वेग कळतो, पाठांतर कळतं, ऐनवेळी डोकं किती थंड राहतं तेही कळतं. डॉक्टरला ते लागतंच. शिवाय तो पेपर तू कोणाची पोर आहेस हे विचारत नाही. वशिल्यावर जागा वाटल्या असत्या तर आपल्याला कोणी विचारलं असतं? पण तुला जे येतं ते सगळं त्या ७२० गुणांमध्ये मावतं होय?

गेल्या छाटणीनंतर द्राक्षांवर फवारायला मोरचूद-चुन्याचं बोर्डो करताना मी विळा बुडवून बघत होतो. पातं तांबूस झालं की चुना कमी पडला, एवढंच आप्पांनी मला शिकवलेलं. तू ड्रमापाशी उकिडवी बसलीस आणि म्हणालीस, ‘पप्पा, लोखंड विरघळतंय आणि मोरचुदातलं तांबं त्याच्या जागी पात्यावर बसतंय. चुना पुरेसा असला की तांबं मोकळं राहतच नाही.’ इतकी वर्षं फवारतोय, कधी ‘का’ विचारलं नव्हतं. आप्पा अजून पारावर सांगतात. हेच चार पर्याय देऊन विचारलं तर चार गुण. विळ्याकडे बघून तुला ते सुचलं, त्याचे किती?

फिजिक्सला किती पडले गं? कमी असतील तर पहाटे आधी तेच घे. अडलेला प्रश्न सोडून पुढे जा, तुक्के मारू नकोस, रात्री जागू नकोस. झालं, लागलो भाषण द्यायला. रागावू नकोस, सर सांगतातच हे सगळं.

खोलीत एकटी रडत तर बसत नाहीस ना?

परवाच्या पावसाने बागेत डाऊनी रोगाची धास्ती आहे. सीईटीचा फॉर्मही भरून ठेवू का? ॲग्रीच्या प्रवेशाला चालेल. मेडिकलला नंबर तुझा लागेलच, उगाच मनात आलं म्हणून लिहिलं. काय ते मामाजवळ सांग.

तुझे,
पप्पा