समुद्राने उघडलेलं नॉरफोक

नॉरिच,
रविवार, संध्याकाळ

प्रिय सुध्या,

पत्राला उशीर झाला, हव्या तेवढ्या शिव्या घाल. काल हॅपिसबर्गला गेलो होतो. लिहायचं असं आणि म्हणायचं ‘हेझ्ब्रा’! गावातला एक रस्ता सरळ चालत जातो आणि एकदम संपतो. डांबराची तुटलेली कड, आणि खाली समुद्र. तिथली कितीतरी घरं त्याने गिळलीत.

पण इंग्लंडच्या पूर्वेकडच्या या नॉरफोक परगण्याचं जुनं दप्तर उघडतो तोही हाच समुद्र. मे २०१३ मध्ये लाटांनी वाळू ओढून नेली, तर खालच्या गाळात माणसांच्या पावलांचे ठसे, त्यात पोरांचेही. निदान साडेआठ लाख वर्षांपूर्वीचे! अभ्यासकांनी भरतीच्या वेळा सांभाळत घाईघाईने फोटो काढले. दोनेक आठवड्यांत सगळं पुसून गेलं. १९९८ मध्ये होम नावाच्या गावाच्या किनाऱ्यावर असंच ओकच्या ५५ खांबांचं कडं वर आलं. मधोमध एक भला मोठा बुंधा, मुळं आभाळाकडे करून पुरलेला. लाकडातल्या वर्तुळांवरून झाडं तोडल्याचं वर्ष निघालं, इ.स.पू. २०४९.

बूडिका राणी इथलीच. नवरा मेला, रोमनांनी राज्य घशात घातलं, तिला फटके मारले, मुलींवर अत्याचार केले. इ.स. ६०-६१ मध्ये तिने लंडनसकट तीन शहरं जाळली. झाशीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही बघ. लंडनमध्ये तिचा पुतळा उभारणाऱ्यांना झाली असेल का रे?

मला खरी गंमत वाटली ब्रॉड्सची. ही तळी, त्यांतल्या शिडाच्या होड्या, लव्हाळी बघून कोणीही म्हणेल, निसर्गाची करणी. अगदी १९५० पर्यंत जाणतेही तेच म्हणायचे. मग जॉइस लॅम्बर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी गाळात जागोजागी भोकं पाडून पाहिलं, तर तळ्यांच्या कडा सरळ उभ्या, खणल्यासारख्या. खणलेल्याच होत्या! मध्ययुगात लोकांनी चुलीसाठी पीट, म्हणजे जळाऊ माती, उकरून नेली. पुढे समुद्राची पातळी चढली आणि खड्डे भरले.

१५४९ मध्ये गायरानं कुंपणात घातल्यावरून रॉबर्ट केटने बंड केलं, त्याला नॉरिचच्या किल्ल्यावर फासावर दिलं. १९४९ मध्ये त्याच किल्ल्यावर त्याच्या सन्मानाची पाटी लावली. बरोबर ४०० वर्षांनी!

मे महिन्यात ये. त्याआधीचा वारा तुला सोसायचा नाही. आणि फार लांबवू नकोस, रस्ता दरवर्षी आखूड होतोय.

तुझा,
नंदू