गच्चीवरच्या हरितगृहाचा सांगाडा निवडताना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुण्यात सहकारनगर, सिंहगड रस्ता, कोथरूड या भागांत बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या गच्च्यांवर आता छोटी हरितगृहे दिसू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र ती उभारणारी बहुतेक मंडळी प्लॅस्टिक किती मायक्रॉनचे आणि शेडनेट किती टक्क्यांची याची बारकाईने चौकशी करतात आणि सांगाडा मात्र फॅब्रिकेटरवर सोपवून मोकळी होतात. प्लॅस्टिक तीन-चार वर्षांनी बदलावेच लागते; सांगाडा एकदाच उभा राहतो. म्हणून त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

आमचे पहिले हरितगृह साध्या लोखंडी चौकोनी पाइपचे होते. जागेवर वेल्डिंग, वर रेडऑक्साइडचा एक हात आणि त्यावर हिरवा ऑइलपेंट. चौथ्या पावसाळ्याच्या तोंडावर, मे महिन्यातल्या एका वळवाच्या संध्याकाळी त्याचा एक कोपरा उचलला गेला आणि छताखालची ऑर्किडची रांग आडवी झाली. दुसऱ्या दिवशी खांबाच्या तळाशी स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो रंगाच्या पापुद्र्यातून सरळ आत गेला आणि भोकातून तपकिरी पाणी वाहू लागले. खांबांच्या वरच्या तोंडांना टोप्या बसवलेल्या नव्हत्या. तीन पावसाळ्यांचे पाणी आत साठून पाइप आतून कुजला होता आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत शाबूत होता.

त्या अनुभवानंतर माझे मत पक्के झाले आहे की पुण्याच्या घरगुती हरितगृहाला गरम जस्तात बुडवलेला गोल जीआय (गॅल्व्हनाइज्ड आयर्न, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पाइप, तोही क्लॅम्प आणि नटबोल्टने जोडलेला, हाच सर्वांत भरवशाचा पर्याय आहे. जस्त स्वतः आधी झिजते आणि लोखंडाला वाचवते, त्यामुळे लहानसा ओरखडा पडला तरी तेथून गंज पसरत नाही. बाजारात ‘प्री-जीआय’ नावाने जो स्वस्त पाइप मिळतो, तो आधी जस्त चढवलेल्या पत्र्यापासून वळवलेला असतो. त्याचा थर पातळ असतो आणि कापलेली टोके उघडी राहतात. दोन्ही दिसायला सारखेच चकचकीत असल्याने विचारल्याशिवाय फरक कळत नाही. शिवाय जस्त सुमारे 420 अंश सेल्सिअसला वितळते आणि वेल्डिंगची उष्णता त्याच्या कितीतरी पुढची असते, त्यामुळे चांगला जीआय पाइप आणून जागेवर वेल्डिंग केले, तर नेमक्या सांध्यांवरचेच संरक्षण जळून जाते. वेल्डिंग टाळता येत नसेल, तर सांधा घासून त्यावर जस्तयुक्त रंग लावून घ्यावा. चंदेरी रंगाच्या एका फटकाऱ्यावर समाधान मानू नये.

ॲल्युमिनियम गंजत नाही आणि वजनाला लोखंडाच्या एक-तृतीयांश असते, पण त्याचा ताठपणाही जवळपास तेवढाच कमी असतो. म्हणून लोखंडी पाइपच्याच मापाचा ॲल्युमिनियमचा पाइप वापरला, तर तो त्याच भाराखाली तिप्पट वाकतो. ओल्या सिमेंटमध्ये तो थेट गाडू नये आणि साध्या लोखंडी स्क्रूने जोडू नये. बुरुड आळीतून आणलेला बांबू मला मनापासून आवडतो; बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात नीट मुरवून घेतला, तर अंगणातल्या शेडनेटसाठी तो उत्तम आहे. तसे केले नाही, तर भुंगा लागतो आणि काही महिन्यांत खांबाखाली पिवळसर भुकटी साचू लागते. नळकामाचा पांढरा पीव्हीसी पाइप मात्र या कामासाठी घेऊच नये. तो उन्हाने ठिसूळ होतोच, शिवाय त्याला टेकलेले पॉलिथिनही लवकर फाटते. पॉलिथिन तापलेल्या लोखंडी पाइपवरही करपते, त्यामुळे जेथे ते टेकते, तेवढा भाग पांढरा रंगवून घेणे हिताचे.

याहून महत्त्वाचा प्रश्न वाऱ्याचा आहे. इमारतींवरचे भार ठरवणाऱ्या भारतीय मानक 875 च्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला 39 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 140 किलोमीटर धरला आहे. या वेगाचा दाब दर चौरस मीटरला नव्वद किलोंहून अधिक भरतो. तीन मीटर लांब आणि दोन मीटर उंच बाजूवर तो साडेपाचशे किलोंच्या घरात जातो, आणि एवढ्या हरितगृहाचा सांगाडा स्वतः शंभर किलोंचाही नसतो. हा वेग जमिनीपासून दहा मीटर उंचीचा आहे. पाचव्या-सहाव्या मजल्यावरच्या गच्चीला याहून जास्त धरावा लागतो. तरीही सांगाडा जखडणारे बोल्ट बसवण्यासाठी गच्चीच्या कोब्यात ड्रिल मारू नये, कारण वॉटरप्रूफिंग फुटले की खालच्या घराचे छत गळू लागते आणि सोसायटीत भांडण उभे राहते. तळाची चौकट काँक्रीटच्या ठोकळ्यांना बांधावी किंवा आरसीसी कठड्याला बोल्टने जखडावी. अर्ध्या विटेच्या कठड्यावर भिस्त ठेवू नये. ठोकळ्यांचे वजन आणि त्यांची जागा स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारूनच ठरवावी.

फॅब्रिकेटर मंडळींना माझी विनंती आहे की कोटेशनमध्ये नुसते ‘जीआय पाइप’ न लिहिता पाइपची जाडी मिलिमीटरमध्ये, जस्ताचा प्रकार आणि सांधे कसे जोडणार हे स्पष्ट नमूद करावे. ग्राहकांनीही हे तपशील बिलावर आल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये, आणि खांबांच्या टोप्या बसल्या आहेत का, हे स्वतः शिडीवर चढून पाहावे.

आपला,
एक वाचक, सहकारनगर, पुणे