विशेष शिक्षक घडवायचे तर त्यांना मुलांजवळ बसू द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

अपंग मुलांना शिकवणाऱ्या विशेष शिक्षकांच्या रिक्त पदांवरचा कालचा अग्रलेख वाचला. पदे भरा, हे बरोबरच आहे. सर्वोच्च न्यायालयानेही मार्च 2025 मध्ये राज्यांना तेच बजावले. पण 'प्रशिक्षित उमेदवार तयार आहेत' या तुमच्या वाक्यावर राहवले नाही. बौद्धिक अक्षम मुलांच्या शाळेत मी 22 वर्षे शिकवते आहे. दरवर्षी आमच्याकडे छात्राध्यापक, म्हणजे शिक्षक होण्यासाठी शिकणारी मुले-मुली, सरावपाठांना येतात, त्यांची तयारी मी रोज बघते.

गेल्या मार्चमध्ये एक मुलगी आली. विषय 'आंबा'. थर्माकोलचा रंगवलेला आंबा, तीन तक्ते, सुवाच्य पाठ टाचण. आमच्या नऊ वर्षांच्या एका मुलाने तो आंबा थेट तोंडात घालून तुकडा पाडला. ती ओरडली, तो बिथरला, स्वतःच्याच कानांवर मारू लागला. मागे बसून तिचा पाठ तपासणाऱ्या बाईंनी वर्गनियंत्रणाचे गुण कापले. मधल्या सुट्टीत पोरगी रडत होती. मी म्हटले, "अगं, तो चाटून, हुंगूनच ओळखतो. उद्या कैरी आण."

दुसऱ्या दिवशी तिने कैरी आणली, चिरून मीठ लावले. त्याने हुंगली, चाटली, डोळे मिटून तोंड वाकडे केले आणि सगळा तास तिला चिकटून बसला. जूनपासून जो दहा मिनिटे एका जागी बसला नव्हता! हा तास तिच्या फायलीत कुठेच नाही. ठरलेल्या पाठांची संख्या भरली होती, सोमवारी तिला दुसऱ्या शाळेत हजर व्हायचे होते. तो मात्र दोन दिवस दाराशी जाऊन उभा राहायचा.

1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 झाले. छात्राध्यापक मुली शिकतात एकाच प्रकारात, आणि नोकरी लागली की नेहमीच्या शाळेत समोर येईल ते मूल सांभाळायचे. निदान एक सत्र तरी त्यांना एकाच वर्गात, त्याच मुलांसोबत राहू द्या. त्यांना त्या काळात विद्यावेतनही द्या. एसटीचे भाडे आणि तक्त्यांचा खर्च त्या पदरचा करतात.

आणखी एक. अग्रलेखासोबत तुम्ही लाळ गळणाऱ्या एका मुलाचा चेहरा स्पष्ट दिसेल असा फोटो छापलात. त्याच्या आईला विचारले होते का? नसेल, तर तिची माफी मागा.

आपली,
एक विशेष शिक्षिका, सातारा