दाजींना सांग, फोन विहिरीत टाकू नका

सुवॉन, दक्षिण कोरिया

ती. स्व. सौ. ताईस,
सा. न.

तुझा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज कंपनीच्या बसमध्ये ऐकला. चिन्या रात्री एक-एक वाजेपर्यंत गोधडीत मोबाइल घेऊन खेळतो, हाक मारली की वसकन् अंगावर येतो, आणि दाजी फोन विहिरीत टाकायला निघालेत.

दाजींचा उपाय इथल्या सरकारनं करून पाहिलाय. २०११ साली कायदाच केला: सोळा वर्षांखालच्या पोरांना रात्री बारा ते सकाळी सहा ऑनलाइन गेम बंद. पोरं आईबापांचा ओळख क्रमांक टाकून खेळत राहिली. मोबाइलवरचे गेम तर त्यातून सुटलेलेच होते. २०२२ उजाडताना कायदा गुंडाळला.

मला छळते ती दुसरीच गोष्ट. २००९ साली याच सुवॉनमध्ये एका जोडप्याची तीन महिन्यांची मुलगी उपासमारीनं गेली. आईबाप रात्रभर पीसी-बांगमध्ये, म्हणजे तासावर पैसे देऊन गेम खेळायच्या दुकानात. बाळाला दिवसातून एकदा बाटलीनं दूध. आणि तिथं बसून ते काय करत होते? गेममधली ॲनिमा नावाची पोर वाढवत होते!

तू म्हणतेस, मारामारीच्या गेमनं पोरं बिघडतात. बिघडतही असतील. पण त्या दोघांना माया नव्हती असं मला म्हणवत नाही गं. जिथं दुपटी बदलावी लागत नाहीत, तिथं ती वाहून गेली. आणि मी तरी कोण लागून गेलो? आबांच्या रानात कधी भांगलायला गेलो नाही, पण हॉस्टेलवर पहाटेचा गजर लावून फार्मव्हिल नावाच्या शेतीच्या गेममधली वांगी काढायचो.

परवा चिन्याला विचारलं, रात्री कुणाबरोबर खेळतोस? चौघांची टोळी आहे. दोघांना त्यानं कधी पाहिलेलंही नाही. म्हणाला, "मामा, मी मध्येच उठलो तर बाकीचे मरतात." त्याच्या लेखी तो दिलेला शब्द पाळतोय, आणि तू नेमकी तेव्हाच जेवायला हाक मारतेस. एक डाव वीस-पंचवीस मिनिटांचा असतो. 'बंद कर' म्हणू नकोस, 'हा डाव झाला की ये' म्हणून बघ. आला नाही तर मला कळव; मग मामाचा आवाज चढेल.

रात्री फोन मात्र तुझ्या उशाखाली. दाजींना म्हणावं, विहीर राहू द्या, त्या फोनचे चार हप्ते अजून माझ्या खात्यातून जायचेत.

तुझा,
बंड्या