पंडितजी साहेब, १५ ऑगस्ट २०१९ साठी

पंडितजी साहेब, राम राम.

तुमचा जुना नंबर आता लागत नाही, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितोय. कुणीतरी वाचून तुमच्यापर्यंत पोचवेल. तुम्ही फौजेतल्या धर्मगुरूच्या ट्रेनिंगला पुण्यात राष्ट्रीय एकात्मता संस्थेत होतात, तिथली थोडी मराठी अजून लक्षात असेल तर स्वतःच वाचा.

२०१९ चा ऑगस्ट. आपण दक्षिण लेबनॉनमध्ये, यूएनची निळी टोपी घालून, आणि इकडं माझ्या शिरोळ तालुक्यात कृष्णा-पंचगंगेनं सगळं गिळलेलं. कोल्हापूर-सांगलीत मिळून चार लाखांवर लोक घरं सोडून बाहेर पडले होते, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, गावात लाईट नाही, नेटवर्क नाही. आई आणि आक्का होडीतून बाहेर पडल्या एवढंच चुलतभावाकडून कळलं होतं, पण कुठल्या छावणीत आहेत ते कुणालाच माहीत नाही. मी एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, लोकांना गोळ्या देत होतो आणि हात थरथरत होते. तिकडं आपलीच फौज लोकांना पाण्यातून काढतीय आणि मी फौजी असून परक्या देशात उभा, हे लई टोचत होतं साहेब.

मी कुणाला काही बोललो नव्हतो. तुम्हीच ओळखलंत. तुमचा लोकल सिमचा फोन माझ्याकडं दिलात आणि म्हणालात, ये तेरे पास रहेगा. तीन दिवस तो माझ्याकडं होता, त्या तीन दिवसांत तुम्ही स्वतः घरी बोलला नाहीत हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं.

मग १५ ऑगस्ट उजाडला, त्याच दिवशी राखीपौर्णिमा. तुम्ही तीन वाजल्यापासून उठून सर्वधर्म स्थळ धुऊन काढलेलं, कारण आपल्याकडं साडेसातला लाल किल्ल्यावर भाषण सुरू होतं तेव्हा तिकडं पहाटेचे पाच वाजलेले असतात आणि सगळी पलटण टीव्हीसमोर बसायच्या आत पूजा उरकायची होती. कलशावर हात ठेवून तुम्ही गंगे च यमुने चैव सुरू केलंत, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू, कावेरी, आणि मधेच थांबून माझ्याकडं वळलात. "बेटा, तेरी नदी का नाम क्या है?" मला आवाजच फुटेना. कृष्णा, म्हटलं, आणि पंचगंगा. तुम्ही परत पहिल्यापासून म्हणालात आणि शेवटी कृष्णे, पंचगंगे जोडलंत, "शांत हो जा माई" म्हणालात, आणि मागं बसलेल्या, ती नदी कधी न बघितलेल्या पोरांनी हात जोडले. हे लिहितानाही डोळे भरतात.

मग माझ्या मनगटाला मौली, पूजेचा लाल धागा, बांधलीत. म्हणालात, कालजी करू नको. ळ जमला नाही तुम्हाला, पण माझ्या भाषेत बोललात.

झेंडा वर चढला तेव्हा समोर जबल शेखचा डोंगर उन्हात लख्ख दिसत होता आणि खालच्या गावातून चर्चची घंटा वाजत होती, कारण तिकडं त्या दिवशी मरियमेचा सण, त्यांचीही सुट्टी. पलटणीत पाद्री नव्हता, तर परेड संपल्यावर आपल्या ख्रिश्चन पोरांना घेऊन त्या चर्चपर्यंत तुम्हीच गेलात, बाहेर ऑलिव्हच्या झाडाखाली उभे राहिलात.

आणि तिथून आल्यावर कोल्हापूरच्या टीएमधल्या (टेरिटोरियल आर्मी) तुमच्या ओळखीच्या साहेबांना परत फोन. संध्याकाळी बडाखान्याच्या, सगळ्या पलटणीच्या एकत्र जेवणाच्या वेळी त्यांचाच फोन आला, छावणी सापडली होती. आक्का फोनवर रडत म्हणाली, "दादा, राखी पुरात गेली रे." मी म्हटलं, बांधलीय मला कुणीतरी.

तुम्ही पलीकडं ताट घेऊन उभे होतात. त्या दिवशी तुमचे आभार मानायचे राहून गेले, ते आज मानतो. मनापासून.

आई रोज विचारते, पंडितजी कधी येणार. या साहेब, नृसिंहवाडीला संगमावर घेऊन जातो, तिथली बासुंदी आणि कवठाची बर्फी माझ्याकडून, आणि ज्या नदीचं नाव घेतलंत ती एकदा डोळ्यांनी बघून जा.

तुमचा,
एमआय रूमवाला