मामाने दोनदा मागितलं होतं

शिरोडा, ता. वेंगुर्ले

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस आणि मी रेंजचं निमित्त करून फोन ठेवला. रेंज होती. बोलायला तोंड नव्हतं, म्हणून लिहिते.

तुझा प्रश्न असा होता, की बरा न होणारा रुग्ण शुद्धीत राहून मरण मागत असेल, तर डॉक्टरने ते द्यावं का? तुमच्या भूलशास्त्राच्या रेसिडेंट्समध्ये यावरून रात्रभर वाद झाला म्हणालीस. आणि मग म्हणालीस, "आई, मामाच्या वेळी तू होतीस ना तिथे?"

होते. 2019 चा पावसाळा. तू सेकंड एमबीबीएसला होतीस, परीक्षा म्हणून तुला अर्धंच सांगितलं. आज उरलेलं सांगते.

मामाचा जबडा तंबाखूने खाल्ला होता. ऑपरेशन झालं, रेडिएशनचा शेक झाला, आणि पुन्हा गाठ आली. आयुष्यभर किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढलेला माणूस मागच्या पडवीत कुशीवर पडून कण्हायचा. वास इतका, की वहिनी उदबत्त्या लावून लावून थकली. गावातल्या डॉक्टरांनी दुखण्यावर ट्रामाडॉलच्या पुढे काही लिहिलं नाही. त्याहून जोरदार मॉर्फिनचं नाव काढलं की हात झटकायचे. कागदपत्रं, चौकशी, नको ते झंझट. 2014 साली अंमली पदार्थांचा कायदा बदलून मॉर्फिन मिळणं सोपं केलं आहे, हे मलाच त्यांना सांगावं लागलं. पस्तीस वर्षं उपकेंद्रावर सिस्टर म्हणून काढली; लस, बाळंतपणं, हिवतापाच्या रक्तपट्ट्या. पण मरणाऱ्या माणसाचं दुखणं कसं थांबवायचं, हे एकाही ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नाही.

त्या दिवसांत मामा माझा हात धरून म्हणायचा, "बाय, माका एक सुई मार आणि सोडव." जीभ वळत नव्हती, पण मला कळायचं.

शेवटी गोव्यातून मॉर्फिनच्या गोळ्या आणल्या. दहा मिलिग्रॅमच्या, दर चार तासांनी एक, झोपताना दोन. गिळता येत नव्हतं, म्हणून नाकातल्या नळीतून, कुटून, पाण्यात कालवून. (सोबत पोट साफ व्हायचं औषध लिहायला तू कधी विसरू नकोस. आमच्याकडे विसरले होते, आणि ते हाल वेगळेच.) तिसऱ्या दिवशी मामा रात्रभर झोपला. चौथ्या दिवशी वहिनीला विचारलं, बांगडे काय भावाने गेले? खाणार नव्हताच. पण भाव हवा होता.

इथे गोष्ट संपली असती तर मी तुला लगेच उत्तर दिलं असतं. दुखणं थांबवा, मागणं आपोआप थांबतं. तुमच्यातलेही काही जण हेच म्हणत असतील. पुष्कळांच्या बाबतीत ते खरंही असेल.

मामाने पुन्हा मागितलं. साधारण दोन आठवड्यांनी, दुपारी, पाऊस उघडला होता. कण्हत नव्हता. मला जवळ बोलावलं आणि म्हणाला, "आता पुरे गो. दर्या बघून झालो. तुझ्याकडे गोळ्यो आसत, माका ठाऊक आसा."

सई, पहिल्या मागण्याला माझ्याकडे उत्तर होतं, फक्त मिळायला उशीर झाला. दुसऱ्याला नव्हतं. त्या संध्याकाळी मी सगळ्या स्ट्रिपा तांदळाच्या डब्यात तळाशी पुरल्या, लागेल तेवढीच वर काढायची. मामापासून लपवल्या असं वहिनीला सांगितलं. मामा तर उठूही शकत नव्हता. मी माझ्यापासून लपवल्या.

तू म्हणालीस अमेरिकेतल्या ओरेगॉनसारखा कायदा हवा. 1997 पासून आहे तिथे. सहा महिन्यांच्या आत मरण येणार असं दोन डॉक्टरांनी सांगायचं, रुग्णाने पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा तोंडी मागायचं, शिवाय लेखी, आणि औषध स्वतःच्या हाताने घ्यायचं. तुझ्या फोननंतर वाचून काढलं. ते पंधरा दिवस मला पटले. कायदा करणाऱ्यांपैकी कुणीतरी पडवीत बसलेलं असणार. पण स्वतःच्या हाताने कसं? मामाला घोट गिळता येत नव्हता. नेदरलँड्सचा 2002 चा कायदा डॉक्टरला स्वतःच्या हाताने देण्याची मुभा देतो. आमच्या पडवीत तो हात माझा असता, कुटणारा आणि नळीत ढकलणारा. उद्या तो तुझा असेल, कारण भूलतज्ज्ञाच्या सिरिंजकडेच सगळे बघणार.

आणि मागतंय कोण, हे ओळखणं आपल्याकडे सोपं नाही. कलमांची बाग गहाण पडलेली, मुलगा मुंबईहून रजा काढून काढून आलेला. "तुमका त्रास नको" हे वाक्य मामाने किती वेळा म्हटलं असेल! त्यात त्याचं किती आणि आमच्या चेहऱ्यांचं किती? वहिनीने तर ग्रामदेवतेला कौल लावला, सोडवतेस की राखतेस म्हणून. कळ्या सकाळभर पाषाणाला चिकटून राहिल्या, उजवी पडली नाही आणि डावीही नाही. गुरव म्हणाला, देवी विचारात आसा. मला हसूही आलं आणि बरंही वाटलं. निदान तीही चाचरली.

मामा त्यानंतर अकरा दिवसांनी गेला, नारळी पौर्णिमेच्या आधी. छातीत कफ भरला. मुलगा म्हणाला, कोल्हापूरला नेऊ, मशिनवर ठेवू. मी नाही म्हटलं. मामाने मला आधीच बजावलं होतं, मशीन नको. गोळी चालू ठेवली, तोंड ओलं करत राहिले. मारलं नाही, अडवलंही नाही. या दोन्हींतलं अंतर तुमच्या वादात शब्दांचा खेळ वाटत असेल, माझ्या हातांना ते चांगलं कळलं होतं. तरीही तांदूळ काढताना अजून कधी कधी वाटतं, दुसऱ्यांदा मागितलं तेव्हा मी त्याचा विचार केला की माझा?

मुंबईच्या केईएम रुग्णालयातली नर्स अरुणा शानबाग, तिची केस आमच्या वेळच्या प्रत्येक नर्सला तोंडपाठ. हल्ल्यानंतर 1973 पासून 2015 पर्यंत, जवळजवळ 42 वर्षं तशीच पडून. ती व्हेंटिलेटरवर नव्हती, नर्सेस तिला भरवायच्या. 2011 साली सुप्रीम कोर्टाने तिचं अन्न थांबवायला नकार दिला, कारण तिला सांभाळणाऱ्यांनाच ते नको होतं. त्या नर्सेसबद्दल मला फार आदर आहे. पण अरुणाला कुणी विचारू शकलं नाही, ते मनात राहतं.

म्हणून मी माझं आधीच सांगून ठेवते आहे. सुप्रीम कोर्टाच्या 2018 च्या निकालाने वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता मिळाली, आणि 2023 पासून मॅजिस्ट्रेटची सही लागत नाही, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. गोव्यात तर 2024 साली हायकोर्टाच्या न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचंच इच्छापत्र नोंदवलं. मीही मसुदा केला आहे. बरं होण्याची आशा नसेल तर व्हेंटिलेटर नको, डायलिसिस नको, छाती दाबणं नको. मॉर्फिन हवं, भरपूर. सुई मागितलेली नाही. आपल्या कायद्यात ती बसत नाही, पण बसत असती तरी तुझ्याकडून मागितली नसती. दुसऱ्या कुणाकडे मागितली असती का, हे मात्र आज छातीठोक सांगवत नाही.

प्रत ग्रामपंचायतीत द्यायला गेले तर ग्रामसेवक दोनदा वाचून म्हणाले, "सिस्टर, हे कुठल्या नमुन्यात चढवू?" बिचारे. पुन्हा जाईन.

माझ्या वतीने बोलणारी व्यक्ती म्हणून तुझं नाव घातलं आहे. वेळ येईल तेव्हा डॉक्टरांची दोन मंडळं बसतील, त्यांच्यापुढे तुला उभं राहावं लागेल. नको वाटत असेल तर स्पष्ट सांग, नाव बदलते, रागावणार नाही. साक्षीदार दोन लागतात, शक्यतो नात्याबाहेरचे. एक शेजारचे मास्तर तयार आहेत. दुसरा तुझ्या ओळखीचा कुणी असेल तर घेऊन ये. तुतारी एक्स्प्रेसने ये, सावंतवाडीला रिक्षा पाठवते. नोटरी शनिवारी दुपारपर्यंतच बसतात.

तुझी,
आई